पुढचा आकडा आणि खालचा आकडा

ग्वाल्हेरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. पत्र लहान आहे, परंतु त्यातील व्यथा पुष्कळ घरांस ओळखीची वाटेल. त्यांची कन्या यंदा दहावीत आहे. गणितात चांगली, बीजगणित तर आवडीने सोडविते. विज्ञानाच्या पुस्तकातील पहिलाच धडा रासायनिक अभिक्रिया आणि समीकरणे यांचा, आणि नेमकी तेथेच ती अडली. शिकवणीच्या मास्तरांनी चाळीस संतुलित समीकरणे लिहून दिली व पाठ करण्यास सांगितले. मुलगी रात्री ती घडाघडा म्हणून दाखविते आणि सकाळी एकाचे आकडे दुसऱ्यास लावून मोकळी होते. "अकरावीला विज्ञान घ्यायचेच नाही," असे तिने परवा जाहीर केले. भगिनी विचारतात : समीकरणे ही पाठच करावयाची असतात काय? आणि घरी आम्ही मराठीत काही समजावू गेलो तर ते शाळेतल्या हिंदीशी जुळत नाही, त्याचे काय करावे?

या सदरात आजवर शब्द, म्हणी आणि शाळेतले अनुभव यांविषयी लिहिणाऱ्या आमच्यासारख्याने रसायनशास्त्रात का शिरावे, असे नियमित वाचकांस वाटेल. आम्ही मराठीचे एम. ए. प्रयोगशाळेशी आमचा संबंध तिच्या दाराला कुलूप लावण्यापुरता. तथापि या प्रश्नाचे उत्तर देण्याचा थोडा अधिकार आम्हांस एका अपराधामुळे मिळाला आहे. तो यथावकाश सांगू. आधी समीकरण म्हणजे काय ते पाहू.

या पानावर आम्ही इंग्रजी अक्षरांची सूत्रे देणार नाही. समीकरणे शब्दांतच लिहू. त्यात आमची एक समजूत आहे. समीकरण हे मुळात वाक्य असते. डावीकडे क्रियेत भाग घेणारे पदार्थ, मध्ये बाण म्हणजे क्रियापद, आणि उजवीकडे जे निपजले ते. जे मूल समीकरण शब्दांत वाचू शकत नाही त्याला ते पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अर्थ न कळलेला श्लोक पाठ करावा तसे.

पूर्वी दिवाळीच्या आधी घरोघर चुन्याची सफेदी होई, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांनी रसायनशास्त्राचे तीन धडे एकाच आठवड्यात पाहिले आहेत. चुनाभट्टीत चुनखडी तापवली की तिचे दोन तुकडे होतात : कळीचा चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एकाचे दोन झाले. ही अपघटन अभिक्रिया. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना हाती लागतो, उरलेले ४४ किलो वायुरूपाने निघून जाते. मग तो कळीचा चुना आपण पिंपात टाकून वर पाणी ओततो. पाणी खदखदू लागते, पिंप हात लावू देत नाही, आणि आई मुलांस दूर हाकलते. येथे चुना व पाणी मिळून एकच नवा पदार्थ झाला. ही संयोग अभिक्रिया. उष्णता बाहेर पडली म्हणून तिला ऊष्मादायी म्हणावयाचे. नंतर हा भिजवलेला चुना भिंतीवर बसतो व दोन-तीन दिवसांत चकाकी धरतो, कारण तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि पाणी सोडतो. भट्टीत जे ४४ किलो गेले ते भिंतीने हवेतून परत घेतले! एवढा चोख हिशेब आमच्या शाळेच्या भांडारातही ठेवला जात नाही.

कल्हईवाल्याचे तसेच. तो आता क्वचितच दिसतो. पण आमच्या पिढीला भात्याचा आवाज आणि नवसागराचा नाकात जाणारा वास विसरता येणार नाही. तापलेल्या पातेल्यात त्याने नवसागराची चिमूट टाकली की नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हा दुसरा वायू भांड्यावरचा काळा थर खाऊन टाकतो, म्हणून कथील चिकटते. आणि जे दोन वायू वर जातात ते थंड होताच पुन्हा एकत्र येतात व त्यांचा नवसागर होतो. पातेल्यावरचा तो पांढरा धूर म्हणजे नवसागराचेच सूक्ष्म कण. खाली अपघटन, हातभर वर संयोग.

तिसरा प्रकार विस्थापनाचा. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून अर्धा तास थांबावे. पाण्याची निळाई उतरते आणि खिळ्यावर तांबूस थर चढतो. लोखंडाने तांब्याला खुर्चीवरून उठवले आणि आपण बसले. उलट, हिराकसाच्या हिरवट पाण्यात तांब्याची तार कितीही वेळ ठेवा, काही होणार नाही. तांब्याच्या अंगी लोखंडास उठविण्याचे बळ नाही. चौथा प्रकार दुहेरी विस्थापनाचा : मोरचुदाच्या द्रावणात चुन्याची निवळी ओतली की दोघे आपापले जोडीदार बदलतात आणि निळसर साका तळाशी बसतो. फ्रान्समधील बोर्दो येथील द्राक्षमळ्यांत मोरचूद आणि चुना यांचे जे मिश्रण फवारीत, ज्याचा गुण मिलार्दे यांनी १८८५ साली जगापुढे मांडला आणि जे आजही बागाईतदार वापरतात, त्यात हेच घडते. (मोरचूद विषारी आहे. हे प्रयोग स्वयंपाकघरातील भांड्यांत मुळीच करू नयेत.)

प्रकार एवढेच. ऑक्सिडीकरण आणि क्षपण हा पाचवा खण पुस्तकात असतो. परंतु तो या चौघांच्या शेजारी नसून त्यांना आडवा छेदून जातो. खिळ्याची क्रिया विस्थापनही आहे आणि ऑक्सिडीकरण-क्षपणही. भिंतीवरच्या चुन्याची क्रिया तर चारांपैकी एकाही खणात नीट मावत नाही. मुलांनी प्रकारांची नावे लक्षात ठेवावी, पण "ही क्रिया नेमकी कोणत्या खोलीतली?" यावर भांडत बसू नये. आमच्या मते परीक्षकांनीही बसू नये. पण ते आमचे ऐकत नाहीत.

आता संतुलन. सन १७८९ मध्ये लाव्हाझिए यांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडले की रासायनिक क्रियेत काही नवे उत्पन्न होत नाही आणि काही नाहीसेही होत नाही. क्रियेच्या आधी जेवढे वजन तेवढेच नंतर. म्हणून डावीकडे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे दिसले पाहिजेत. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होते, एवढे म्हटले की वाक्य झाले. पण हिशेब व्हावयाचा राहिला. हायड्रोजन वायूचा रेणू दोन अणूंचा, ऑक्सिजनचाही दोन अणूंचा. पाण्याच्या रेणूत मात्र हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आले, उजवीकडे एकच दिसतो. दुसरा कोठे गेला?

येथे आमचा अपराध येतो.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा मुख्याध्यापक नव्हतो. माळव्यातील एका कसब्यात शासकीय शाळेत भाषा शिकवीत होतो. विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले आणि ती जागा वर्षभर रिकामी राहिली. दहावीचा वर्ग रिकामा बसू नये म्हणून विज्ञानाचा तास आमच्या गळ्यात पडला. शाळा अर्थातच हिंदी माध्यमाची. आम्ही रात्री पुस्तक आणि मार्गदर्शिका वाचीत असू आणि सकाळी तेच फळ्यावर उतरवीत असू. मार्गदर्शिकेत लिहिले होते की, पाण्याच्या बाजूस अणूंची संख्या दोन करावी. आम्ही ते वाचले, आम्हांस ते पटले, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या खाली २ हा आकडा घालून मोकळे झालो. डावीकडे हायड्रोजन दोन, ऑक्सिजन दोन; उजवीकडे हायड्रोजन दोन, ऑक्सिजन दोन. हिशेब तंतोतंत जुळला. आम्ही खडू ठेवला आणि हात झटकले.

तिसऱ्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तो म्हणाला, "सर, हे पाणी नाही. बाबा जखमेवर घालतात, फेस येतो, त्या बाटलीवर हेच लिहिलेले असते."

वर्ग हसला. त्याच्यावर हसला की आमच्यावर, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी मात्र आमच्यावर असे वाटले. आम्ही म्हणालो, "पुस्तक तुझ्या बाबांनी लिहिले आहे का? खाली बैस." तो बसला. पंधरा दिवसांनी घटक चाचणी झाली. त्याने पाण्याच्या पुढे २ हा आकडा लिहिला होता, खाली नव्हे. आणि डावीकडे हायड्रोजनच्याही पुढे २. आम्ही त्यावर लाल शाईची फुली मारली आणि दोन गुण कापले. उरलेल्या वर्गाने आमच्याप्रमाणे लिहिले होते. त्यांस पूर्ण गुण मिळाले.

त्या दिवाळीत आम्ही पुण्यास बहिणीकडे गेलो होतो. भाच्याचे विज्ञानाचे मराठी पुस्तक सहज हाती आले, आणि पाणी कसे होते ते वाक्य डोळ्यांपुढे आले. त्यात लिहिले होते : पाण्याचे दोन रेणू. आमच्या मार्गदर्शिकेत होते : पाण्याचे दोन अणू. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि तो प्रकाश सुखावह नव्हता. मराठीत मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणास अणू म्हणतात आणि अणू मिळून झालेल्या कणास रेणू. हिंदीत मात्र पहिल्यास परमाणु म्हणतात, आणि अणु म्हणजे आपला रेणू! हिंदी पुस्तक वाचताना आमचे डोळे हिंदी अक्षरांवर होते आणि मन मराठीत अर्थ लावीत होते. पुस्तक सांगत होते, पाण्याचे रेणू दोन घ्या. आम्ही समजलो, पाण्यातील ऑक्सिजनचे अणू दोन करा. मराठी शब्दांवर पदवी मिळविलेल्या माणसास एका मराठी शब्दानेच फसविले होते.

पाण्याच्या खाली दोन लिहिल्याने जो पदार्थ झाला तो हायड्रोजन पेरॉक्साइड. कंपाउंडरच्या मुलाने बाटली बरोबर ओळखली होती.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला आम्ही फळ्यावर दोन्ही समीकरणे लिहिली, चूक आपली होती असे सांगितले, आणि त्या मुलाचे दोन गुण परत दिले. तो "जी सर" म्हणून उभा राहिला आणि बसला. वर्षभरात त्याने आमच्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. दहावीनंतर तो वाणिज्य शाखेस गेला. त्याचे कारण आम्हीच होतो असे म्हणण्यास पुरावा नाही. नव्हतो, असेही आम्हांस म्हणवत नाही.

या चुकीत आम्हांस पुढे एक थोर सोबती भेटला, म्हणून त्यांची हकिकत सांगतो. सगळे पदार्थ अणूंचे बनले आहेत हा विचार ज्यांनी आधुनिक रसायनशास्त्रात रुजविला ते जॉन डाल्टन हेही शाळामास्तरच. वयाच्या बाराव्या वर्षापासून ते खेड्यातील शाळेत शिकवीत होते. सन १८०८ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे दोनच अणू दाखविले होते. निसर्ग साधेपणा पसंत करतो, तेव्हा एकास एक, असा त्यांचा तर्क. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात खोट नाही : एक अधिक एक, दोघे मिळून पाणी, दोन्ही बाजू समान. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्समधील गे-ल्युसाक यांनी मोजून दाखविले की दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांपासून दोन मापे वाफ होते. डाल्टन यांनी ते मोजमापच मान्य केले नाही. इटलीतील अव्होगाद्रो यांनी १८११ साली या दोन मतांचा मेळ घालून दिला : वायूंचे कण एकेकटे अणू नसून अणूंच्या जोड्या असू शकतात. पण त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. शेवटी १८६० साली कार्ल्सरुहे येथील परिषदेत कानिझारो यांनी तोच विचार पुन्हा मांडला आणि मग हळूहळू पाण्याच्या सूत्रातील तो लहानसा २ सर्वमान्य झाला. एका खालच्या आकड्यास पन्नास वर्षे लागली, कारण तो बेरीज-वजाबाकीने मिळत नाही, प्रयोगाने मिळतो.

पुढचा आकडा आणि खालचा आकडा यांतील भेद तो हाच. पंगतीचे उदाहरण घेऊ. एका ताटात दोन पुऱ्या आणि एक लाडू, असे ताट म्हणजे पाणी. लाडू शिल्लक राहू लागले तर आणखी ताटे मांडावी. आहे त्याच ताटात दुसरा लाडू ठेवला तर लाडू संपतील खरे, पण ते ताट ठरलेले ताट राहिले नाही. ताटे किती हे आपण ठरवावयाचे. तो पुढचा आकडा. ताटात काय असावे हे निसर्गाने ठरविले आहे; तो खालचा आकडा. संतुलन करताना खालच्या आकड्यास हात लावावयाचा नाही, हे एवढे एक पथ्य पाळले की चाळीस समीकरणे पाठ करण्याचे कारण उरत नाही.

पाण्याचे आता सरळ होईल. उजवीकडे ऑक्सिजन एक कमी, म्हणून पाण्याची ताटे दोन. त्यामुळे हायड्रोजन चार झाले, म्हणून डावीकडे हायड्रोजनचे रेणू दोन. वाक्य असे : हायड्रोजनचे २ रेणू + ऑक्सिजनचा १ रेणू → पाण्याचे २ रेणू. गे-ल्युसाक यांची मापेही हीच होती.

आता थोडे अवघड. आपल्या घरच्या सिलिंडरमधला गॅस हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंचे मिश्रण. त्यांपैकी प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे ३ व हायड्रोजनचे ८ अणू. तो ऑक्सिजनमध्ये जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. प्रथम ज्या मूलद्रव्याचा संबंध दोन्ही बाजूंस एकेकाच पदार्थाशी आहे ते घ्यावे. कार्बन ३, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू. हायड्रोजन ८, आणि पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून पाण्याचे ४ रेणू. ऑक्सिजन उजवीकडे दोन ठिकाणी आहे आणि डावीकडे एकटा आहे, म्हणून त्याला शेवटी ठेवावे. एकट्या पाहुण्याची सोय शेवटी कोठेही होते. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू तीन दुणे सहा आणि चार, एकूण १०. डावीकडे रेणू ५. झाले : प्रोपेनचा १ रेणू + ऑक्सिजनचे ५ रेणू → कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू + पाण्याचे ४ रेणू. सल्फेट, नायट्रेट यांसारखा गट दोन्ही बाजूंस अभंग राहिला असेल तर त्याचे तुकडे न करता तो एकच घटक धरून मोजावा. पुष्कळ वेळ वाचतो.

"पण सर, या आकड्यांचा उपयोग काय?" हा प्रश्न प्रत्येक वर्गात एक तरी मूल विचारतेच, आणि विचारावाच. हायड्रोजनच्या अणूचे वजन १ धरले तर कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे १६. त्या मानाने प्रोपेनचा रेणू ४४, ऑक्सिजनचे पाच रेणू १६०; एकूण २०४. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू १३२, पाण्याचे चार रेणू ७२, एकूण २०४. लाव्हाझिए यांचे वचन खरे ठरले. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा प्रोपेनच आहे असे धरले तर तो संपेपर्यंत आपल्या स्वयंपाकघरातील हवेतून सुमारे ५१.६ किलो ऑक्सिजन घेतो, ४२.६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि २३.२ किलो पाणी निर्माण करतो! ब्यूटेन धरले तरी आकडे फारसे बदलत नाहीत. शेगडीवर थंड पातेले ठेवताच त्याच्या बाहेरच्या अंगास क्षणभर ओल येते, ती या पाण्याची.

त्या पाच ऑक्सिजनकडे पुन्हा पाहावे. हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे प्रोपेनचे एक माप नीट जळण्यास हवेची जवळजवळ चोवीस मापे लागतात. खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू असेल तर ही मापे हळूहळू अपुरी पडू लागतात. ऑक्सिजन कमी पडला तर प्रोपेन दुसरे समीकरण धरतो : प्रोपेनचे २ रेणू + ऑक्सिजनचे ७ रेणू → कार्बन मोनॉक्साइडचे ६ रेणू + पाण्याचे ८ रेणू. मोजून पाहा, हेही समीकरण पूर्ण संतुलित आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरून बसतो, आणि माणूस ओरडण्याआधीच शुद्ध हरपतो. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. तेव्हा गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि घरातील खिडकी थंडीतही थोडी उघडी असावी. दहावीच्या मुलीने हे समीकरण घरातील वडील मंडळींस करून दाखविले तर ती तिची उत्तम तोंडी परीक्षा होईल.

राहिला भगिनींचा दुसरा प्रश्न, भाषेचा. आमची फजिती ज्या शब्दाने केली तो वर आलाच : आपला अणू तो त्यांचा परमाणु, आपला रेणू तो त्यांचा अणु. दुसरा असाच शब्द क्षार. मराठीत आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार व पाणी होते. हिंदी पुस्तकात अम्ल आणि क्षारक मिळून लवण आणि जल होते. तेथे क्षार म्हणजे लवण नव्हेच, तो अम्लाच्या विरुद्ध बाजूचा पदार्थ. घरी आजोबांनी "आम्लापासून क्षार होतो" असे सांगितले आणि मुलाने ते हिंदी उत्तरपत्रिकेत उतरविले, तर आजोबाही बरोबर आणि गुण कापणारे परीक्षकही बरोबर. बाकीचे शब्द तितके घातक नाहीत : मूलद्रव्यास तत्त्व, संयुगास यौगिक, ऑक्सिडीकरणास उपचयन, क्षपणास अपचयन. हे निदान निराळे दिसतात, म्हणून मूल थांबून विचारते. सारखे दिसणारे शब्दच दगा देतात. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून हे शब्द समोरासमोर लिहावे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी तिसरा रकाना आखावा. मात्र घरात मराठीत समजावणे थांबवू नये. शब्दांची गल्लत पानाच्या एका कोपऱ्यात मिटते. न समजता पाठ केलेले मात्र पुढे दोन वर्षे छळते.

त्या कन्येस आमचा निरोप द्यावा : मास्तरांची चाळीस समीकरणे काही दिवस बाजूस ठेव. स्वयंपाकघरातून कार्बनसाठी हरभरे, हायड्रोजनसाठी मुगाचे दाणे आणि ऑक्सिजनसाठी पांढरे वाटाणे घे. रेणू म्हणजे एकेक वाटी. वाट्या हव्या तेवढ्या मांड, वाटीतील दाणे मात्र ठरलेले. प्रोपेनची मांडणी आम्ही करून दिली आहे. ब्यूटेनच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू. तू तो जाळून पाहा, म्हणजे वाट्यांत. कार्बन जुळेल, हायड्रोजन जुळेल आणि ऑक्सिजनशी आलीस की अर्ध्या वाटीवर गाडी अडेल. ऑक्सिजनचा अर्धा रेणू मांडता येत नाही. तेव्हा काय करावे, ते तूच शोध आणि आम्हांस कळव. उत्तर पुढील अंकी.